मोटारीला डबा, सायकलीला गोणपाट

मालगाड्यांच्या रुळांवर कधीकधी एक चमत्कारिक गाडी उभी असते. डबे प्रवासी गाडीचे, पण खिडक्यांना पत्रा ठोकलेला. आत बाकं नाहीत, पंखे नाहीत, 'जरा सरकून घ्या हो' म्हणणारं कुणी नाही. रेल्वेच्या भाषेत या डब्यांना एनएमजी म्हणतात, न्यू मॉडिफाइड गुड्स. प्रवाशांना वाहून वाहून म्हातारा झालेला डबा निवृत्त करायचा, त्यातली बाकं उपटायची, खिडक्या बुजवायच्या, दोन्ही टोकांच्या भिंती काढून तिथे दारं बसवायची आणि कोऱ्या मोटारी एकीमागून एक हाकत शेवटच्या डब्यापर्यंत न्यायच्या. आपल्या चिंचवडच्या मालधक्क्यावरून अशाच मोटारी चढतात. ज्या डब्यात एके काळी चौथ्या सीटवरून हाणामारी व्हायची, तिथे आता एकेक मोटार पट्ट्यांनी बांधून घेऊन, अंगावर ओरखडाही न उठू देता देशाच्या दुसऱ्या टोकाला निघते. मोटारीसाठी रेल्वेने डब्याचं पोट रिकामं केलं, याबद्दल तक्रार नाही. कारखानदारीच्या गावात हे व्हायलाच हवं. पण त्याच स्टेशनावर बारा-पंधरा किलोची सायकल घेऊन गेलात आणि 'हिला लोणावळ्यापर्यंत न्यायचीय' म्हणालात, तर खिडकीपलीकडचा माणूस तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर सहसा हत्ती घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली असते.

नियम त्याच्या बाजूने आहे. रेल्वे प्रवाशाला सामान फुकट नेऊ देते: साध्या दुसऱ्या वर्गाला ३५ किलो, स्लीपरला ४०, एसी फर्स्टला ७०. म्हणजे स्लीपरच्या प्रवाशाने ४० किलोची लोखंडी ट्रंक, त्यात पाटा-वरवंटा घालून आणली, तर ती बाकाखाली जाते. सायकलीला मात्र ही सवलत नाही. स्कूटर आणि सायकल या जातीच्या वस्तू मोफत वजनात धरायच्याच नाहीत, असं नियम सांगतो. तिची जागा ब्रेकव्हॅनमध्ये, पार्सलांच्या संगतीत. आता पार्सल म्हणजे काय, हे पिंपरी-चिंचवडकराला सांगायला नको. चाकणची नोकरी सोडून गावी किंवा बेंगळुरूला निघालेला प्रत्येक पोरगा आपली मोटारसायकल पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसपाशी घेऊन गेलेला असतो. तिथे पॅकिंगवाला बसलेला असतो. तो आधी टाकीतलं पेट्रोल काढायला लावतो, मग आरशांना आणि दिव्यांना गवत-चिंध्यांची उशी देतो, वर गोणपाट लपेटतो आणि दाभणात सुतळी ओवून ते असं शिवतो, की आत गाडी आहे की आंब्याचं कलम, हे बाहेरून ओळखता येऊ नये. शेवटी पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर जाड पेनाने 'कुठून, कुठे, कुणाला'. हीच दीक्षा सायकलीला. फरक एवढाच, की मोटारसायकलवाला सहा वर्षांनी एकदा जातो आणि सायकलवाल्याला जायचं असतं रविवारी सकाळी, येऊन संध्याकाळी घरी वरणभात खायचा असतो. कामशेतला उतरून पवनेच्या काठाने चक्कर मारायला जाणाऱ्या माणसाने सायकल शिवून घ्यायची, कामशेतला उसवायची, परत येताना पुन्हा शिवायची, म्हणजे सहल कमी आणि शिवणकामाचा वर्ग जास्त.

यावर हमखास उत्तर येतं, 'युरोपात बघा'. आपल्या पट्ट्यात हे उत्तर ऐकीव नाही. चाकणला फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे. त्यामुळे इथल्या घरटी नाही तरी सोसायटीगणिक एक इंजिनीअर वुल्फ्सबर्गला किंवा स्टुटगार्टला जाऊन आलेला असतो. जाताना तो मोटारींचा माणूस असतो. येताना त्याच्या फोनमध्ये डॅन्यूबकाठचे फोटो असतात, पासाऊ ते व्हिएन्ना, मागे पिशव्या अडकवलेली सायकल, पुढे द्राक्षमळे, आणि एक फोटो हटकून ट्रेनच्या डब्यातला: पुढच्या चाकाला आकड्यात अडकवून टांगलेली सायकल, शेजारी कृतकृत्य चेहरा. हा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडला, की 'आपल्याकडे हे कधी होणार' अशा उसाशांची रांग लागते. मला वाटतं, गडबड त्या फोटोत आहे. फोटोत आकडा दिसतो, आकड्यामागचं वेळापत्रक दिसत नाही.

कारण युरोपातली रेल्वे सायकलीवर आपण समजतो तेवढी भाळलेली नाही. जर्मनीच्या वेगवान आयसीई गाड्यांत अख्खी सायकल नेण्याची सोय २०१७ साली नव्या बांधणीच्या गाड्या येईपर्यंत नव्हती, आणि आल्यावरही अख्ख्या गाडीत सायकलींच्या जागा आठ. त्याही आधी राखून ठेवाव्या लागतात आणि सायकलीचं तिकीट वेगळं. (जर्मनीत मांजराहून मोठ्या कुत्र्यालाही तिकीट पडतं, तेव्हा सायकलीने वाईट वाटून घेऊ नये.) फ्रान्सच्या टीजीव्हीत सायकलीला जागा मिळाली नाही, तर चाकं काढा आणि ठरावीक मापाच्या पिशवीत घाला, असा पर्याय आहे, म्हणजे आपलंच गोणपाट, फक्त चेन लावलेलं. युरोपीय संघाने २०२१ साली प्रवासी हक्कांचा नवा कायदा केला, त्यात नव्या गाड्यांत सायकलींना जागा ठेवण्याची सक्ती आली. किती जागा? कमीत कमी चार. सायकल संघटनांनी वर्षानुवर्षं आरडाओरडा केल्यावर अख्ख्या खंडाने दिलेली ही देणगी. आणि सायकलींचं माहेर असलेल्या नेदरलँड्समध्ये तर कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा सायकल घेऊन ट्रेनमध्ये चढायला मनाई आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ही मनाई नाही, कारण तेव्हा ऑफिसं सुट्टीवर असतात आणि डबे रिकामे.

या शेवटच्या नियमात सगळा मुद्दा आला. सायकलीला रेल्वेत जागा द्यायची की नाही, हा प्रश्न संस्कृतीचा, पर्यावरणप्रेमाचा किंवा गोऱ्यांच्या मोठ्या मनाचा नाही. तो घड्याळाचा आहे. सायकल उभी केली तर दोन-तीन उभ्या माणसांची जागा खाते. सकाळी आठ वाजता ती जागा म्हणजे तीन नोकऱ्या. दुपारी बारा वाजता ती जागा म्हणजे नुसती हवा. डच रेल्वे सायकलीला हो किंवा नाही म्हणत नाही, ती किती वाजलेत ते विचारते. आपली रेल्वे वेळ विचारतच नाही. आपल्याकडे सायकल पहाटे चारलाही पार्सल आणि दुपारी दोनलाही पार्सल. मोटारीसाठी डब्याच्या भिंती काढणाऱ्या खात्याला सायकलीसाठी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आहे, त्याला कारखाना लागत नाही.

आणि हे काही आपल्याला नवं आहे असंही नाही. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. तिच्यात मावळातले दूधवाले चढत आले आहेत. दूधवाल्याच्या किटल्यांचं वजन आणि घेर बघितला, तर ती जोडी एका सायकलीला सहज भारी पडेल. पण दूधवाल्याने पहिल्यापासून तीन गोष्टी पाळल्या: ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेला आकडा. आकडा म्हणजे लोखंडी सळई वाकवून केलेला, किटलीच्या कडीत घालून खिडकीच्या गजाला अडकवायचा. किटली डब्याबाहेर, दूधवाला आत. जर्मन इंजिनीअरने सायकल टांगायला जो आकडा काढला, त्याचा हा थोरला भाऊ. म्हणजे तंत्रज्ञान आपल्याकडे होतं, सवयही होती; सायकलीच्या बाबतीत कुणाला ते आठवलं नाही इतकंच. एका वाहनातून उतरून दुसऱ्यात बसण्याची परंपरा तर या मार्गाला जन्मापासूनची आहे. १४ जून १८५८ ला खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, पण बोरघाटातले बोगदे आणि पूल पुरे होऊन मुंबईची गाडी सरळ वर चढायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं प्रवासी खंडाळ्याला उतरायचे, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट उतरायचे आणि खाली पुन्हा रेल्वे धरायचे. ट्रेन, मग पालखी, मग पुन्हा ट्रेन. आज याला कुणी 'मल्टिमोडल इंटिग्रेशन' म्हणून त्यावर परिसंवाद घेईल. तेव्हा त्याला घाट उतरणं म्हणत.

आता आक्षेप. पहिला अर्थातच गर्दीचा: 'माणसांना उभं राहायला जागा नाही, सायकली कुठे घेऊन बसलात?' आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला सरळ शरण जावं. सकाळी पिंपरी-आकुर्डीहून शिवाजीनगरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सायकल घालण्याचा हट्ट कुणी करू नये. त्या वेळच्या कामासाठी सायकल ट्रेनमध्ये न्यायची नसतेच, ती स्टेशनावर ठेवायची असते. ही अक्कल आपल्याला कोपनहेगनहून आणायची गरज नाही, ती चाकणशेजारची आहे. मुंबईचे डबेवाले बहुतेक खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरचे. आणि चाकण खेड तालुक्यातच. १८९० साली महादू हावजी बच्चे यांच्यापासून जे तंत्र सुरू झालं, त्यात डबा लोकलने जातो पण सायकल जात नाही. अंधेरीची सायकल अंधेरीत, चर्चगेटची चर्चगेटला. दोन्ही टोकांना सायकल, मध्ये रेल्वे. उट्रेक्ट स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचा जगातला सर्वांत मोठा तळ २०१९ साली पुरा झाला आणि स्टेशनावर उतरलेल्याला भाड्याची सायकल मिळण्याची सोय डच रेल्वेने गावोगाव केली, ती नेमकी याच डोक्याने. फरक असा, की तिथे त्यासाठी वास्तुविशारद नेमले आणि इथे गांधीटोपी घातलेल्या माणसाने सायकल फुटपाथच्या रेलिंगला साखळीने बांधली.

दुसरा आक्षेप थोडा कुजकट असतो: 'ही लाखाची सायकल घेऊन हिंडणाऱ्यांची चैन आहे.' कार्बनची सायकल आणि तिच्यापेक्षा चकचकीत कपडे बघून हा राग येतो, हे समजण्यासारखं आहे. पण या शहरात सायकल चैन म्हणून आलेली नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीत आली, त्यामागून टेल्को, बजाज. आणि पाळीचा भोंगा झाला की कारखान्यांच्या फाटकांतून सायकलींचा लोंढा सुटायचा. चेतक १९७२ साली निघाली, पण नंबर लावून ती दारात यायला वर्षं लागायची, तोवर घराचा गाडा सायकलच ओढायची. स्कूटर बनवणारा कामगार सायकलवर यायचा, यात तेव्हा कुणाला विनोद दिसला नाही. आजही एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर पहाटे पाहा: हँडलला डबा, पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं जॅकेट, सुरक्षारक्षक पाळी संपवून घरी निघालेला. लोकलमध्ये दुपारी सायकल चढू दिली, तर हौशी माणूस सहलीला जाईल आणि रात्रपाळीचा माणूस वडगावला घरी जाईल. दोघांना एकच डबा चालेल. चेहऱ्यावरच्या थकव्याची कारणं तेवढी वेगळी असतील.

तिसरा आक्षेप व्यवहारी आणि म्हणून सगळ्यांत अवघड: 'रेल्वेची कटकट हवी कशाला, टेम्पो करा की!' हा आपला अस्सल शोध आहे, आणि त्याची थट्टा करताना हात जोडूनच करावी लागते. आषाढीच्या सुमारास गावोगावचे सायकलस्वार पंढरपूरची सायकल वारी करतात. आपल्या शहरातूनही शेकडो जातात. जाताना माणूस सायकलवर. येताना माणूस बसमध्ये आणि सायकली मागून टेम्पोत, एकमेकींत पेडलं आणि ब्रेकच्या तारा गुंतलेल्या, मधे जुन्या गाद्या नाहीतर पुठ्ठे कोंबलेले. विठोबाच्या पायाशी समतेचा धडा घेऊन आलेली लाखाची सायकल आणि पाच हजारांची सायकल अशी गळ्यात गळा घालून परतते. टेम्पोत वाईट काही नाही. पण तो परवडतो वीस-पंचवीस जणांना मिळून. एकट्या-दुकट्याने, बायको-पोरांसह, आज मनात आलं आणि उद्या निघालो अशा सहलीला टेम्पो नाही. आणि शेवटी हिशेब असा होतो, की डिझेल जाळू नये म्हणून घेतलेल्या सायकलीमागून डिझेल जाळत टेम्पो चालतो, त्याच वेळी शेजारच्या रुळांवरून विजेवर चालणारी लोकल अर्धी रिकामी लोणावळ्याला जाते. रविवारी ती पावसाळ्यात रिकामी नसते, हे कबूल. मळवलीला उतरून लोहगडावर चालून जाणाऱ्यांच्या त्या लोंढ्यात सायकलच काय, छत्रीही उघडत नाही. मग त्या दोन महिन्यांच्या रविवारी सायकलीला मनाई ठेवा. डचांनी उन्हाळ्यात सूट दिली, आपण पावसाळ्यात बंदी घालू. घड्याळाबरोबर पंचांगही बघता येतं.

'लोक सुरक्षितता मोडतील, दारात सायकल लावून ठेवतील' असाही एक आवाज येतो. त्याला उत्तर देण्याची गरज आता उरलेली नाही, कारण प्रयोग झालेला आहे. पुणे मेट्रो ६ मार्च २०२२ ला पिंपरी ते फुगेवाडी धावली, २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत पोचली, आणि ती सायकल घेऊन चढू देते. गोणपाट नाही, दाभण नाही, पुठ्ठ्याची चिठ्ठी नाही. पीसीएमसीला, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या दारातून चढलेली सायकल स्वारगेटला उतरते. आभाळ कोसळलेलं नाही. अडचण अशी, की स्वारगेटला जाण्यासाठी सायकल ट्रेनमध्ये घालावी असं कुणाला मनापासून वाटत नाही. सहलीची ओढ उलट्या दिशेला आहे, देहूरोडनंतर जिथे डोंगर दिसू लागतात तिथे. आणि तिकडे मेट्रो जात नाही, लोकल जाते. चाकणकराची तर कथाच न्यारी. देशभर मोटारी पुरवणाऱ्या या गावाला रेल्वे स्टेशनच नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा त्याने इतकी वर्षं ऐकली आहे, की मुलाच्या पत्रिकेत तो योग आहे का, हे तो भटजींना विचारू लागेल. त्याने लोकल धरायची तर तळेगाव गाठायचं, त्या रस्त्याने, जिथे मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर एकमेकांना घासून जातात. मोटारीही बिचाऱ्या आपल्या मालधक्क्याकडेच निघालेल्या असतात. त्यांना डबा आहे.

एका गोष्टीचं मला मोठं नवल वाटतं. मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ सालापासूनची. बोरघाट आधी चढेल त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. या आणि देशातल्या इतर शर्यतींत रेल्वेचे सायकलपटू वर्षानुवर्षं पुढे असतात, कारण खेळाडू कोट्यातून रेल्वे चांगल्या सायकलपटूला नोकरी देते. म्हणजे सायकल चालवणाऱ्याला रेल्वेत कायमची जागा आहे, पेन्शनसह. त्याच्या सायकलीला मात्र दुपारच्या लोकलमध्ये सव्वा तास उभं राहायला नाही.

मागणी म्हणून बघितली तर ही इतकी छोटी आहे, की मागायला संकोच वाटावा. नवे डबे नकोत, चार काय एकही राखीव जागा नको. कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळची गर्दी सोडून मधल्या वेळात लोकलच्या मालडब्यात सायकल चढवायला मुभा द्या, तिकीट लावा, हवं तर कुत्र्याच्या दराने लावा. चिंचवड, आकुर्डी, तळेगावला छपराखाली सायकल ठेवायला जागा द्या, जिथे संध्याकाळी परत आल्यावर सीटही जागेवर असेल. आणि दुपारच्या लोकल वाढवा, कारण प्रवासी संघटना त्यासाठी निवेदनं देऊन थकल्या आहेत. डबे रिकामे असण्याच्या वेळी गाडीच कमी, असा घड्याळाचा उपयोग काय कामाचा!

तोवर ज्यांना सायकल लांबच्या गाडीने न्यायचीच आहे, त्यांच्यासाठी थोडं. गाडीच्या वेळेआधी अर्धा तास पुरतो असं नियम म्हणतो, तुम्ही दोन तास आधी जा. पेडलं काढून स्वतःच्या पिशवीत ठेवा, हँडल आडवं वळवा, दिवा-घंटी-पंप काढून घ्या. पुठ्ठ्याच्या दोन चिठ्ठ्या करा, एक दांड्याला आणि एक मागच्या चाकाला, दोन्हींवर नाव, फोन आणि दोन्ही स्टेशनं. परतीच्या चिठ्ठीवर नुसतं 'पीसीएमसी' लिहू नका. मेट्रोला ते कळतं, पार्सल ऑफिसला 'चिंचवड' लिहावं लागतं.